पडकं घर घेते ती कोण?

रंकाळ्यावर भेळ खाताना मैत्रीण म्हणाली, "घटस्फोट झाल्यावर इटलीला जाती बघ, ज्युलिया रॉबर्ट्सचा पिक्चर. त्यात ती पडकं घर घेती."

पडकं घर घेते ती डायन लेन. 'अंडर द टस्कन सन', २००३ चा. ज्युलिया रॉबर्ट्सचा तो 'ईट प्रे लव्ह', २०१० चा. दोन्हीकडं अमेरिकन लेखिका, मोडलेलं लग्न आणि इटलीतलं जेवण, त्यामुळं गफलत होणारच.

'ईट प्रे लव्ह'मधली लिझ स्वतःहून लग्नातून बाहेर पडते आणि हिंडते: इटली, भारतातला आश्रम, बाली. डायन लेनच्या फ्रान्सिसला मात्र नवऱ्याचं प्रकरण कळतं, आणि वर राहतं घरही त्याच्याकडंच जातं. मैत्रिणीनं दिलेल्या सहलीच्या तिकिटावर ती निघते, आणि इटलीतल्या कोर्तोना गावाजवळ बसमधून उतरून 'ब्रामासोले' नावाचं जुनाट घर विकत घेऊन बसते. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून म्हणतात. हिचं लग्न करून झालंय, राहिलं ते घर.

त्या खरेदीचा सीन बघाच. म्हातारी मालकीण घर द्यायला का-कू करत असते, तेवढ्यात फ्रान्सिसच्या डोक्यावर कबुतर शिटतं. बाई तो शुभशकुन मानते आणि सौदा ठरतो. आपण म्हटलं असतं, देवानं कौल दिला. पुढं पोलिश कामगार, पडणारी भिंत, आणि ती जुनी तोटी. फ्रान्सिस अधूनमधून फिरवून बघते, थेंब नाही. शेवटाकडं धो धो पाणी. पहाटे नळाखाली घागर लावून नुसती फुसफूस ऐकलेल्या माणसाला हा सीन समजावून सांगावा लागत नाही.

प्रेमाचं म्हणाल तर लिझला बालीत फेलिपे भेटतो, हाविएर बार्देम. फ्रान्सिसचा देखणा मार्सेलो मात्र टिकत नाही. (मला हेच जास्त पटलं. बालीचा भाग जरा लांबलाय.)

दोन्ही सिनेमे आत्मकथनांवरचे, पण फ्रान्सिस मेयस यांच्या १९९६ च्या पुस्तकात मार्सेलो शोधू नका. तिथं मेयस घर जोडीदाराबरोबर घेतात. एकटीनं घेण्याची गोष्ट सिनेमावाल्यांची.

"मग पिझ्झा खाऊन मोठी जीन्स घेती ती?"

ती लिझ, नेपल्सच्या पिझ्झ्यानंतर. खाण्याचं मैत्रिणीला बरोबर आठवत होतं.