पिसवांची अ‍ॅलर्जी (कुत्री व मांजरे)

पिसू चावताना तिची लाळ त्वचेत उतरते. या लाळेतील प्रथिनांचे वावडे असलेल्या कुत्र्या-मांजरांना होणारा हा खाजेचा विकार. तो बहुधा टेनोसेफॅलायडिस फेलिस या पिसवेमुळे होतो. तिला मांजराची पिसू म्हणतात, पण कुत्र्यांवरही सर्वाधिक हीच सापडते.

वावडे नसलेले जनावर अंगावर पिसवा वागवत खुशाल हिंडते. वावडे असलेल्याला दोन-चार चावेही पुरतात. त्यातही ते सतत चाटून-चावून पिसवा गिळून टाकते. मांजर तर या कामात तरबेज. त्यामुळे ‘आमच्याकडे पिसवा नाहीतच’ असे मालक अगदी मनापासून सांगतात, पण तेवढ्याने हा आजार नाही असे ठरत नाही.

कुत्र्याची खाज कमरेवर, शेपटीच्या मुळाशी आणि मांड्यांच्या मागे असते. केस झडतात, त्वचा जुन्या दुखण्यात काळी व जाड होते. मांजराच्या मानेवर-पाठीवर बारीक खपल्या येतात. हात फिरवला की बाजरीच्या दाण्यांसारख्या लागतात. काही मांजरे नुसतीच पोटावरचे केस चाटून काढतात, आणि मालकाला ती सवय वाटते.

बारीक दातांच्या फणीने केस विंचरून निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावेत. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त. माती असेल तर तसा डाग पडत नाही.

स्टिरॉइडने खाज थांबते, पिसवा राहतातच. फ्लुरालानेर, अफोक्सोलानेर (हे कुत्र्यांसाठी) यांसारखी पिसवा मारणारी औषधे पशुवैद्याच्या सल्ल्याने, आणि घरातल्या सगळ्याच कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत वापरावी लागतात. कुत्र्यांसाठीचे पर्मेथ्रिनयुक्त औषध मांजराला कधीही लावू नये. त्याने झटके येऊन जीव जाऊ शकतो.

पिसवांची अंडी अंगावरून गळून अंथरुणात, सोफ्यात, फरशीच्या फटीत पडतात. कोषातली पिसू महिनोन्‌महिने दबा धरून बसते आणि ऊब वा हालचाल जाणवताच बाहेर येते. म्हणून औषध चालू असूनही काही आठवडे नव्या पिसवा दिसतात. नेमके तेव्हाच ‘गुण नाही’ म्हणून औषध सोडले जाते. या काळात अंथरुणे गरम पाण्यात धुणे आणि कानाकोपऱ्यांत व्हॅक्यूम फिरवणे चालू ठेवावे. मुंबई-कोकणच्या उबदार, दमट हवेत तर पिसवांचा बंदोबस्त वर्षभर करावा लागतो.

गिळलेल्या पिसवेतून पट्टकृमीही पोटात जातो, त्यामुळे पशुवैद्य बरेचदा सोबत जंताचे औषधही देतात.