पार्श्वभूमी : कॅथलिक आणि प्रोटेस्टंट रेडिओ एका छताखाली कसे आले?

नेदरलँड्समधली केआरओ-एनसीआरव्ही ही ख्रिस्ती प्रसारण संस्था 2014 साली दोन जुन्या संस्थांच्या विलीनीकरणातून उभी राहिली. त्यातली एनसीआरव्ही 1924 ची, प्रोटेस्टंटांची. केआरओ 1925 ची, कॅथलिकांची.

आपल्याकडे रेडिओ म्हटलं की सरकारी आकाशवाणी आठवते. तिथे मात्र हे माध्यम श्रोत्यांच्या संघटनांनी उभं केलं. त्या काळी कॅथलिक मूल कॅथलिक शाळेत जाई, मोठं झालं की कॅथलिक कामगार संघटनेत, आणि घरी वर्तमानपत्रही कॅथलिकच येई. प्रोटेस्टंटांचं आणि समाजवाद्यांचंही तसंच. मग रेडिओ तरी सामाईक कसा राहणार? समाजवाद्यांनी 1925 मध्येच 'वारा' नावाची आपली प्रसारण संघटना काढली. सरकारने 1930 मध्ये प्रक्षेपणाचा वेळ या संघटनांमध्ये रीतसर वाटून दिला. भिंती किती जाड होत्या ते 1954 मध्ये दिसलं : 'वारा'चे कार्यक्रम नियमित ऐकू नका, असं बिशपांनी कॅथलिकांना पत्रक काढून बजावलं.

जर्मन ताब्याच्या काळात या संघटना बरखास्त झाल्या होत्या. युद्धानंतर त्या परतल्या. दूरचित्रवाणी 1951 मध्ये सुरू झाली आणि तिथेही तीच वाटणी आली. खरा तडा मात्र साठच्या दशकात गेला. लोक चर्चपासून दुरावू लागले, टीव्हीवर शेजारच्या गटाचे कार्यक्रमही सहज पाहू लागले. एनसीआरव्ही फार सैल झाली असं वाटणाऱ्या कडव्या प्रोटेस्टंटांनी 1967 मध्ये ईओ ही वेगळी संस्था काढली.

तरीही 2014 चं विलीनीकरण श्रद्धेच्या ओढीतून झालं असं मला वाटत नाही; निर्णायक ठरली ती काटकसर. सार्वजनिक प्रसारणाच्या खर्चाला कात्री लावताना संस्थांची संख्या कमी करा, असा सरकारचा आग्रह होता. त्याच लाटेत आव्ह्रो आणि ट्रॉस या प्रसारण संस्था एक झाल्या, बीएनएन आणि 'वारा'ही. शेतकऱ्यांना जोडीदार शोधून देणारा केआरओचा लोकप्रिय कार्यक्रम नव्या संस्थेकडे आला.

पुढे 2016 पासून चर्चच्या छोट्या प्रसारण संस्थांचं स्वतंत्र अनुदानही थांबलं. कॅथलिक चर्चचं प्रसारण केआरओ-एनसीआरव्हीकडे गेलं. प्रोटेस्टंट चर्चांच्या 'इकॉन'चं काम मात्र एनसीआरव्हीच्या जुन्या घरात न येता ईओकडे गेलं.