इंजिनाशिवाय चाललेली गिरणी

गिरणी म्हटलं की आपल्याला लालबाग-परळची चिमणी आठवते, भोंगा आठवतो, पण इंग्लंडात डर्बीशायरमधल्या क्रॉमफर्ड गावात सूतकताईची मशीन काढणाऱ्या रिचर्ड आर्कराइटने 1771 मध्ये जी पहिली गिरणी उभारली ना, ती नुसत्या पाण्यावर चालायची. त्याआधी नॉटिंगहॅमला तो घोडे जुंपून सूत काढायचा, आता घोड्यांना चारा लागतो आणि ते दमतात पण, म्हणून गडी शहर सोडून ओढ्याकाठी गेला.

हिशोब सोपा आहे, किती पाणी किती उंचीवरून पडतं तेवढी ताकद. समजा सेकंदाला 100 लिटर पाणी 5 मीटर खाली पडलं तर साधारण 4,900 वॅट होतात, पण पाण्याने फिरणारं गिरणीचं चाक ते सगळे पकडत नाही. इंग्लिश इंजिनिअर जॉन स्मीटनने 1759 मध्ये छोटी मॉडेलं करून मोजलं होतं, पाणी चाकाच्या डोक्यावरून सोडलं तर खालून ढकलण्यापेक्षा जवळपास दुप्पट काम मिळतं. डोक्यावरून सोडलेल्या पाण्याची साधारण दोन तृतीयांश ताकद कामी येते आणि एक हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे 746 वॅट, म्हणजे आपल्या उदाहरणात हाती लागतात 4 हॉर्सपॉवरच्या आसपास, सोसायटीच्या टाकीत पाणी चढवणाऱ्या पंपाएवढे!

क्रॉमफर्डची खरी गंमत म्हणजे तिथे ओढ्याबरोबर शिशाच्या खाणींचं पाणी बाहेर काढायला खोदलेल्या बोगद्याचं पाणीही मिळायचं, ते जमिनीच्या पोटातून येत असल्यामुळे थोडं कोमट, कडाक्याच्या थंडीतही गोठायचं नाही. मला विचाराल तर मशीनपेक्षा हीच आर्कराइटची जास्त हुशारी.

इमारत बघाल तर लांब नि अरुंद, कारण दिवसाचा उजेड दोन्हीकडच्या खिडक्यांतून आतपर्यंत पोचायला हवा. रस्त्याच्या बाजूला मात्र खाली खिडक्याच नाहीत, मशीनमुळे आपलं काम जाईल म्हणून ती फोडणाऱ्यांची भीती म्हणे. भीती काय उगाच नव्हती, लँकेशरमधली त्याची बर्केकरची गिरणी 1779 मध्ये जमावाने खरंच उद्ध्वस्त केली.

पुढे 1840 च्या दशकात आणखी खोल खणलेल्या दुसऱ्या बोगद्याने ते खाणीचं पाणीच ओढून घेतलं आणि क्रॉमफर्डचं सूत आटोपलं.

आपल्याकडे कावसजी दावरांनी 1854 मध्ये ताडदेवच्या गिरणीसाठी कंपनी काढली तेव्हा मुंबईत असा उंचावरून पडणारा बारमाही प्रवाह कुठला, त्यामुळे थेट वाफेचं इंजिन आणि बोटीने आणलेला कोळसा. तरी पाणी लागलंच. इंजिनातून निघालेली वाफ गार करून परत पाणी केली की तेवढ्याच कोळशात जास्त काम निघतं, त्यासाठी कित्येक गिरण्यांच्या आवारात तलाव असायचे.