एक किलो वाफ, चार किलो पाणी

थंडीत कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळावर गेलात की आधी अंगावर येते ती वाफ. काहिलीत रस रटरटत असतो, चुलवाणात सारखं चिपाड सारलं जात असतं आणि वाफेचे लोट छपरातून बाहेर पडत असतात. त्या लोटांबरोबर जळणाची केवढी उष्णता जाते, हे कळल्यापासून मला ते बघवत नाही.

हिशेब साधा आहे. एक किलो पाणी ३० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला सुमारे २९० किलोज्यूल उष्णता लागते. त्या उकळत्या पाण्याची वाफ करायला मात्र २,२५७, म्हणजे जवळजवळ आठपट! ही उष्णता वाफेत दडून राहते आणि वाफेचं पुन्हा पाणी होताना परत मिळते. उसाच्या रसात पाणीच ८५ टक्क्यांच्या आसपास असतं. १०० किलो रसाचा दाट पाक करायचा तर साधारण ७५ किलो पाणी उडवावं लागतं.

मग एका भांड्यातल्या वाफेवर दुसऱ्या भांड्यातला रस का उकळू नये? अडचण अशी, की दोन्हीकडे १०० अंश असतील तर उष्णता इकडून तिकडे जाणारच नाही. तोड आहे दाबात. महाबळेश्वरला हवेचा दाब कमी, म्हणून तिथे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. भांड्यातली हवा खेचून दाब अजून उतरवला, तर रस ६० अंशांनाही उकळतो.

साखर कारखान्यात म्हणूनच चार-पाच 'बॉडी', म्हणजे रस उकळायची बंद भांडी, ओळीने उभ्या असतात. टर्बाइन फिरवून आलेली वाफ फक्त पहिलीला मिळते. पहिलीतल्या रसाची वाफ दुसरीला, दुसरीची तिसरीला. दर बॉडीत दाब आणि तापमान उतरत जातं. चार बॉडींत एक किलो वाफ जवळपास चार किलो पाणी उडवते. मधल्या बॉडींची थोडी वाफ काढून घेऊन कच्चा रसही तापवतात. वाचलेल्या बगॅसवर, म्हणजे चिपाडावर, वीज तयार होते.

ही युक्ती नॉर्बर्ट रिलियू यांची. त्यांचा जन्म १८०६ सालचा, न्यू ऑर्लिन्सचा. आई कृष्णवर्णीय, वडील गोरे. तिथल्या मळ्यांवर गुलाम माणसं उघड्या कढयांतला उकळता रस पळ्यांनी एकीतून दुसरीत ओतत आणि भाजून निघत. रिलियूंनी १८४३ साली पेटंट घेतलं. जळण वाचलं आणि उकळता रस बंद भांड्यांत गेला. या दुसऱ्या गोष्टीचं मोल मला पहिलीपेक्षा जास्त वाटतं.

थंड होऊन पाणी झालेली वाफही टाकून देत नाहीत. ते गरम पाणी बॉयलरला हवंच असतं. मात्र त्यात साखर उतरली तर बॉयलर खराब होतो. म्हणून परीक्षानळीत त्या पाण्यात अल्फा-नॅफ्थॉल या रसायनाचे थेंब टाकतात आणि नळीच्या कडेने हळूच सल्फ्युरिक आम्ल सोडतात. जांभळं कडं उमटलं, म्हणजे साखर आहे; मग ते पाणी बॉयलरऐवजी ऊस पिळणाऱ्या गिरणीकडे वळवतात. तिथे ते चिपाडावर शिंपडतात आणि उरलासुरला गोडवा धुऊन ते पुन्हा रसात येतं.