हत्तीरोग व डेंग्यू : सोलापूर परिसरातील दोन संसर्ग आणि शरीराचा प्रतिकार

हत्तीरोग आणि डेंग्यू हे दोन्ही डासांमार्फत पसरणारे संसर्ग आहेत. हत्तीरोग कृमीमुळे होतो, डेंग्यू विषाणूमुळे. सोलापूर हा महाराष्ट्रातील हत्तीरोगप्रवण जिल्ह्यांपैकी एक आहे, तर डेंग्यूचे रुग्ण शहरात पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत आढळतात. या दोन रोगांत रुग्ण जे भोगतो, त्यातले बरेचसे त्याच्या स्वतःच्या रोगप्रतिकारशक्तीच्या वागण्यातून येते. हत्तीरोगाचा कृमी ही शक्ती शमवून शरीरात वर्षानुवर्षे ठाण मांडतो. डेंग्यूत पहिल्या संसर्गात तयार झालेला प्रतिकार दुसऱ्या संसर्गात अंगावर उलटू शकतो. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा सरसकट दिला जाणारा सल्ला म्हणूनच या रोगांना लागू पडत नाही. कोणता प्रतिकार, कशाविरुद्ध आणि कोणत्या वेळी, हे प्रश्न इथे महत्त्वाचे ठरतात.

पाणी आणि डास

सोलापूर कमी पावसाच्या पट्ट्यात येते. शहराला भीमेवरच्या उजनी धरणाचे पाणी मिळते, पण नळाला ते रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येते. त्यामुळे घरोघरी पिंपे, हौद, रांजण आणि प्लास्टिकचे बॅरल भरून ठेवलेले असतात. उन्हाळ्यात त्यात कूलरच्या टाकीची भर पडते. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाला असेच साठवलेले स्वच्छ पाणी लागते. मादी अंडी घालते ती भांड्याच्या आतल्या भिंतीवर, पाण्याच्या रेषेच्या जरा वर. ही अंडी सुकली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि भांडे पुन्हा भरले की त्यांतून अळ्या बाहेर पडतात. ‘कोरडा दिवस’, म्हणजे साठवणीची भांडी रिकामी करून सुकवण्याचा दिवस, पाळताना पिंप नुसते उपडे करून भागत नाही. ते आतून घासणीने खरवडावे लागते, तेही पाणी येण्याच्या आदल्या दिवशी केले तर पाणी वाया जात नाही.

हत्तीरोगाचा क्युलेक्स डास वाढतो तो उघडी गटारे, सांडपाण्याची डबकी आणि शौचालयाच्या टाक्यांत. तो रात्री चावतो, एडिस दिवसा. शौचालयाच्या गॅसपाइपच्या तोंडाला बारीक जाळी बांधणे हा क्युलेक्सवरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. गप्पी मासे दोन्ही डासांच्या अळ्या खातात.

शहराच्या पूर्व भागातील विणकर आणि विडी कामगारांपैकी अनेक कुटुंबांची मुळे तेलंगणात आहेत, तर जिल्ह्याचा दक्षिणेकडचा व्यवहार कलबुर्गी-विजयपूरशी आहे. तेलंगणातील करीमनगर, नलगोंडा आणि कर्नाटकातील कलबुर्गी, यादगीर हे जिल्हेही हत्तीरोगप्रवण आहेत. सणासुदीला आणि लग्नकार्याला ये-जा चालूच असते, त्यामुळे एकाच जिल्ह्यात गोळ्या वाटण्याची मोहीम राबवून या रोगाचा बंदोबस्त होत नाही. मोहिमेची माहितीही मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तिन्ही भाषांत सांगावी लागते.

हत्तीरोग : शमवलेला प्रतिकार

भारतात या रोगाचे मुख्य कारण वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी हा दोऱ्यासारखा कृमी आहे. डास चावताना या कृमीच्या अळ्या त्वचेवर उतरतात, चाव्याच्या जखमेतून आत शिरतात आणि लसीकावाहिन्यांत, म्हणजे ऊतींतला लसीका हा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांत, जाऊन वाढतात. पूर्ण वाढलेली मादी आठ ते दहा सेंटिमीटर लांब असते. ती पाच-सात वर्षे जगते आणि त्या काळात लाखो सूक्ष्म पिले रक्तात सोडते. ही पिले म्हणजे मायक्रोफायलेरिया. १८७२ मध्ये टिमथी लुईस यांनी कलकत्त्यात ती माणसाच्या रक्तात पाहिली, तर १८७७ मध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमधील अमॉय येथे ती डासाच्या शरीरात वाढतात हे दाखवले. एखादा रोगजंतू रक्त शोषणाऱ्या कीटकात वाढतो, याचा तो पहिला पुरावा होता.

मायक्रोफायलेरिया दिवसा प्रामुख्याने फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत राहतात आणि रात्री, क्युलेक्स चावण्याच्या वेळी, त्वचेजवळच्या रक्तात येतात. म्हणून हत्तीरोगाचे पथक रात्री जेवणे उरकल्यावर दारात येते. बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा जाड थेंब पसरतात. तो वाळवतात, नंतर पाण्यात बुडवून तांबडा रंग काढून टाकतात आणि जेएसबी रंगद्रव्याने रंगवतात. सूक्ष्मदर्शकाखाली पारदर्शक आवरणातला, मऊ वळणांचा, निळसर जांभळा धागा दिसतो. शेपटीच्या टोकाशी केंद्रकांचे ठिपके नसले की तो बॅन्क्रॉफ्टी. दिवसा घेतलेल्या रक्तात हा जंतू बहुधा सापडत नाही आणि माणूस निरोगी समजला जातो.

रक्तात हजारो पिले फिरत असूनही अशा माणसाला बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही. कृमीच्या स्रावांमुळे शरीरात प्रतिकाराला लगाम घालणाऱ्या नियामक टी पेशी वाढतात आणि दाह आवरणारे इंटरल्युकिन-१० हे द्रव्य जास्त तयार होते. प्रतिपिंडांमध्येही, म्हणजे जंतूला ओळखून चिकटणाऱ्या प्रथिनांमध्येही, आयजीजी-४ या सौम्य प्रकाराचे प्रमाण खूप वाढते. इतर जंतूंशी लढण्याची ताकद बरीचशी शाबूत राहते, मात्र या कृमीविरुद्धचा प्रतिसाद मंदावतो. हा समेट कृमीच्या सोयीचा आहे आणि काही अंशी माणसाच्याही, कारण दाह झाला नाही तर पाय सुजत नाही. ज्यांचे पाय कायमचे सुजलेले असतात, त्यांच्या रक्तात मायक्रोफायलेरिया सहसा मिळत नाहीत. त्यांच्या शरीराने कृमीविरुद्ध जोरदार दाहक प्रतिसाद दिलेला असतो आणि त्याचा भुर्दंड लसीकावाहिन्यांनी सोसलेला असतो. गावात सर्वांना ‘रोगी’ म्हणून दिसतो तो सुजलेल्या पायाचा माणूस, पण रोग पसरतो तो बहुतांशी ठणठणीत दिसणाऱ्या शेजाऱ्याकडून. सुजलेल्या पायाच्या माणसाला वाळीत टाकणे अन्यायाचे आहेच, शिवाय वैद्यकीयदृष्ट्याही चुकीचे आहे.

प्रतिसादाचा तिसरा प्रकार कमी आढळतो. काहींचे शरीर मायक्रोफायलेरियावर अतितीव्र प्रतिसाद देते. रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी आणि आयजीई प्रकारचे प्रतिपिंड बेसुमार वाढतात, रात्री खोकला आणि धाप लागते. हा आजार दमा समजून वर्षानुवर्षे चुकीच्या वाटेने हाताळला जाऊ शकतो. डीईसी (डायइथाइलकार्बामाझिन) या कृमिनाशक गोळ्यांनी तो बरा होतो.

भारतात १९५५ पासून राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम आहे. २००४ पासून रोगप्रवण जिल्ह्यांत वर्षातून एकदा सर्वांना डीईसी देण्याची मोहीम सुरू झाली, पुढे तिला अल्बेंडाझोलची जोड मिळाली. २०१८ पासून काही जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिनसह तीन औषधे एकत्र दिली जाऊ लागली. सुरुवातीच्या जिल्ह्यांत महाराष्ट्रातील नागपूर आणि सोलापूरपासून फार लांब नसलेला यादगीर हे होते. दोन वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना या गोळ्या देत नाहीत. गोळी घेतल्यावर काहींना ताप येतो, डोके दुखते, मळमळते. हा त्रास बहुधा मरणाऱ्या पिलांमुळे होतो. त्यांचे अवशेष रक्तात एकदम मोकळे झाले की इतके दिवस गप्प असलेली प्रतिकारयंत्रणा जागी होते. ज्याच्या अंगात जंतू जास्त, त्याला त्रास जास्त. ‘गोळीने माझी तब्येत बिघडवली’ असे म्हणणाऱ्या माणसाला त्या गोळीची सर्वाधिक गरज असण्याची शक्यता असते. ही गोष्ट घरोघरी समजावून सांगितल्याशिवाय मोहीम पुरी होत नाही. नुसती गोळी हातावर ठेवून पुढच्या घरी जाणे म्हणजे काम अर्धवट सोडणे.

सूज आलेल्या पायाला साबण-पाण्याचा उपचार सर्वांत जास्त उपयोगी पडतो. लसीका तुंबली की संरक्षक पेशींची ये-जा खुंटते. बोटांच्या बेचक्यांतल्या चिरांमधून साधे जीवाणू आत शिरतात, ताप येतो, पाय लाल होतो आणि अशा प्रत्येक झटक्यानंतर कातडी आणखी जाड होते. पाय रोज धुणे, बेचक्या मऊ फडक्याने कोरड्या करणे, चिरांना मलम लावणे, रात्री पाय उशीवर उंच ठेवणे आणि अनवाणी न फिरणे यांनी हे झटके लक्षणीय कमी होतात. यंत्रमागावर तासन्‌तास उभे राहणाऱ्या किंवा मांडी घालून विड्या वळणाऱ्या कामगारांनी मधूनमधून घोटा वर-खाली हलवला तरी लसीका पुढे सरकते. पुरुषांतील अंडवृद्धीवर शस्त्रक्रिया आहे आणि ती सरकारी रुग्णालयांत होते.

रात्री रक्त न घेताही निदान व्हावे यासाठी महाराष्ट्रात मोलाचे काम झाले आहे. सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत भास्कर हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृमीची प्रतिजने (प्रतिकारयंत्रणा ज्यांना ओळखते ती द्रव्ये) वेगळी करून निदानाच्या चाचण्या विकसित केल्या.

डेंग्यू : उलटणारी आठवण

डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा झालेला प्रकार सहसा पुन्हा होत नाही, इतर तिघांपासूनचे संरक्षण मात्र काही महिन्यांत ओसरते. त्यानंतर दुसरा प्रकार शरीरात आला तर जुने प्रतिपिंड त्याला चिकटतात, पण निष्प्रभ करू शकत नाहीत. प्रतिपिंड चिकटलेला विषाणू मोनोसाइट या पांढऱ्या पेशी आत ओढून घेतात आणि तिथेच त्याची जोमाने वाढ होते. पहारेकऱ्यानेच चोराला घरात घ्यावे, तसा हा प्रकार आहे. स्कॉट हॉलस्टेड यांनी १९६० व ७० च्या दशकांत थायलंडमधील मुलांच्या अभ्यासातून ही कल्पना मांडली. २०१७ मध्ये निकाराग्वातील मुलांवरच्या दीर्घ अभ्यासात दिसले, की प्रतिपिंड अगदी कमी किंवा भरपूर असणाऱ्यांपेक्षा मधल्या पातळीवर असणाऱ्यांना गंभीर डेंग्यूचा धोका अधिक असतो. आईकडून मिळालेले प्रतिपिंड ओसरू लागलेल्या सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांतही हा धोका पहिल्याच संसर्गात संभवतो.

गंभीर डेंग्यूत केशवाहिन्यांमधून रक्तद्रव झिरपतो, रक्त घट्ट होते, रक्तदाब कोसळतो. हे बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरतानाच घडते. ताप गेला म्हणून घरचे निर्धास्त होतात, नेमका तोच काळ सर्वांत जपण्याचा. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणे, अस्वस्थपणा किंवा ग्लानी ही लक्षणे दिसली की लगेच रुग्णालय गाठावे. सोलापुरात घराघरांत विचारले जाते ते ‘पेशी किती झाल्या?’ एवढेच. प्लेटलेटचा आकडा पाहावाच, पण रक्त किती घट्ट झाले आणि लघवी किती होते, यावर जीव अधिक अवलंबून असतो. रक्तस्राव नसताना केवळ आकडा घसरला म्हणून प्लेटलेट चढवल्याने फायदा होत नाही. तापासाठी पॅरासिटामॉल चालते. अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन टाळावे.

पहिल्या पाच दिवसांत विषाणूचा अंश शोधणारी एनएस-१ प्रतिजन चाचणी आणि त्यानंतर आयजीएम प्रतिपिंड चाचणी उपयोगी पडते. सरकारी प्रयोगशाळांतील आयजीएम संच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तयार केलेले असतात. १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेली ही संस्था डासजन्य व गोचीडजन्य विषाणूंच्या अभ्यासासाठीच उभी राहिली.

लस बनवणाऱ्यांपुढेही उलटणाऱ्या प्रतिकाराचा हाच पेच आहे. पूर्वी कधीच डेंग्यू न झालेल्या मुलांना डेंगव्हॅक्सिया ही लस दिल्यावर पुढच्या संसर्गात गंभीर आजाराचा धोका वाढतो, हे २०१७ मध्ये स्पष्ट झाले. भारतात डेंगीऑल या एका मात्रेच्या, चारही प्रकारांविरुद्धच्या लसीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात १० हजारांहून अधिक स्वयंसेवक घेण्याचे ठरले.

कृमी आणि विषाणू एकाच शरीरात

हत्तीरोगाचा समेट वाटतो तितका निरुपद्रवी नाही. टांझानियातील म्बेया भागात झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हत्तीरोगाचा कृमी असलेल्यांना एचआयव्हीची नवी लागण होण्याचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. लक्षणे नसलेल्यांनीही गोळ्या घ्याव्यात, याला हे आणखी एक कारण.

व्होलबॅकिया हा जीवाणू दोन्ही रोगांच्या संशोधनात आहे. १९२४ मध्ये तो क्युलेक्स डासात प्रथम आढळला. हत्तीरोगाच्या कृमीतही त्याची एक जात राहते आणि तिच्याशिवाय मादीची पिले वाढत नाहीत. काही आठवडे डॉक्सीसायक्लीन दिले की जीवाणू मरतो आणि मादी वांझ होते. मात्र इतके दिवस चालणारे, गरोदर स्त्रिया व लहान मुलांना न चालणारे औषध सर्व गावाला देणे शक्य नसते. एडिस इजिप्ती डासात हा जीवाणू निसर्गतः नसतो. तो प्रयोगशाळेत आत घातला की डासाच्या शरीरात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही. इंडोनेशियातील योग्यकर्ता शहरात असे डास सोडल्यावर डेंग्यूचे प्रमाण ७७ टक्क्यांनी घटल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुद्दुचेरीतील भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या कीटकजन्य रोग संशोधन केंद्राने भारतीय वाणाच्या एडिस डासांमध्ये व्होलबॅकिया घालून त्यांच्या वसाहती तयार केल्या आहेत.