सिबिलची ‘काळी यादी’ नसते

“एकदा सिबिलमध्ये नाव गेलं की घराचं कर्ज विसरायचं.” शिरोली एमआयडीसीच्या गेटपासून राजारामपुरीतल्या चहाच्या गाड्यापर्यंत हे मी वर्षानुवर्षं ऐकतोय. ते चूक आहे. सिबिल म्हणजे लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणारी कंपनी. सामान्य कर्जदारांची अशी काळी यादीच नसते. वेळेवर हप्ते भरणाऱ्याचीही नोंद सिबिलमध्ये असते. त्यावरून ३०० ते ९०० मधला स्कोअर निघतो, जितका जास्त तितका चांगला. कर्ज द्यायचं की नाही, ते बँक ठरवते.

माझ्या मावसभावाला उचगावात पहिलंच घर घ्यायचं होतं, वन बीएचके. स्कोअर ६१०. रिपोर्ट काढला तर जुन्या मोटरसायकलच्या कर्जापुढे ‘सेटल्ड’. वसुलीवाला म्हणाला होता, “थोडे कमी भरा, विषय संपला.” विषय संपत नाही, भावांनो! सेटल्ड म्हणजे पूर्ण फेड नव्हे, आणि बँकेची नजर नेमकी तिथंच जाते. त्यानं राहिलेली रक्कम भरली, नो ड्यूज म्हणजे बाकी नसल्याचं पत्र घेतलं, नोंद ‘क्लोज्ड’ करून घेतली. वर्षभर एकही हप्ता चुकवला नाही, वहिनींना सहकर्जदार केलं. कर्ज मंजूर झालं. व्याज थोडं जास्त बसलं, हे खरं.

स्वतः रिपोर्ट बघितल्यानं स्कोअर घसरत नाही. वर्षातून एकदा रिपोर्ट फुकट मिळतो. चुकीची नोंद असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढं दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.