स्थानाधारित समाजमाध्यमे आणि रुग्णगोपनीयता

आपण कोठे आहोत हे इतरांना कळवण्याची, किंवा एखाद्या ठिकाणाशी मजकूर, छायाचित्र वा अभिप्राय जोडण्याची सोय ज्या समाजमाध्यमांत असते, त्यांना स्थानाधारित समाजमाध्यमे म्हणतात. फोरस्क्वेअर या सेवेने 2009 मध्ये ‘चेक-इन’ची, म्हणजे पोहोचलेल्या ठिकाणाची नोंद मोबाइलवरून इतरांना दाखवण्याची, सवय लावली, 2010 मध्ये फेसबुकने ती आपल्याकडे घेतली आणि 2017 मध्ये व्हॉट्सॲपवर ‘लाइव्ह लोकेशन’ आल्यावर ती घरोघरी पोहोचली. हॉटेल, देऊळ किंवा सहलीचे ठिकाण कळवण्याने सहसा कोणाचे बिघडत नाही. रुग्णालयाचे तसे नाही, कारण तेथे ठिकाणाचे नाव हीच पुष्कळदा आजाराची माहिती असते.

हे समजण्यासाठी मोबाइलची गरज नाही, हे ठाणेकरांना वेगळे सांगायला नको. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय 1901 पासून आहे आणि ‘याला ठाण्याला पाठवायला हवे’ हे वाक्य मराठीत चेष्टेने, पण ऐकणाऱ्याला लागेल असेच, पिढ्यान्‌पिढ्या बोलले गेले आहे. शहराचे नाव घेतले, की निदान उच्चारले गेले. खारघरच्या सेक्टर 22 मध्ये टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही कर्करोग उपचार व संशोधन संस्था आहे. तेथून टाकलेल्या छायाचित्राखाली नुसते ‘खारघर’ आणि संस्थेचे नाव उमटले, तरी पाहणाऱ्याला आणखी काही विचारावे लागत नाही. वाशी किंवा नेरूळच्या मोठ्या सर्वसाधारण रुग्णालयाचे नाव त्या मानाने कमी सांगते. वंध्यत्व, व्यसनमुक्ती, मनोविकार किंवा एचआयव्ही यांपैकी एकाच गोष्टीला वाहिलेल्या केंद्राचे नाव मात्र सगळेच सांगून जाते.

एका नोंदीपेक्षा नोंदींची मालिका अधिक बोलकी असते. डायलिसिस घेणारा रुग्ण साधारणपणे आठवड्यातून तीनदा, दर खेपेस सुमारे चार तास एकाच ठिकाणी असतो. किरणोपचार घेणारा पुष्कळदा आठवड्यातून पाच दिवस, सलग काही आठवडे जातो. ठाण्याहून पनवेलची लोकल पकडून रोज ठरावीक वेळी खारघरला उतरणारा आणि तासा-दोन तासांत परतणारा मोबाइल पाहिला, तर रुग्णाने कोणाला एक शब्दही सांगितलेला नसताना उपचाराचा अंदाज बांधता येतो. नाव काढून टाकले की धोका टळतो, ही समजूतही टिकत नाही. सुमारे 15 लाख लोकांच्या मोबाइल-नोंदींचा एक अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. स्थळ आणि वेळ यांचे अवघे चार बिंदू माहीत असले, तर त्यांपैकी 95 टक्के लोक इतरांपासून वेगळे ओळखता येतात, असे त्यात दिसून आले. अशा माहितीला बाजारही आहे. गर्भपात केंद्रांच्या आवारातील मोबाइल हेरून त्यांवर जाहिराती पाठवण्याचे तंत्र वापरणाऱ्या एका जाहिरात कंपनीविरुद्ध अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या महाधिवक्त्यांनी 2017 मध्ये कारवाई केली होती.

आपल्याकडे मात्र गोपनीयता बहुधा कंपनीच्या हातून नव्हे, तर मायेच्या माणसांकडून भंगते, आणि या विषयातील हीच सर्वांत अवघड बाजू आहे. ‘तातडीने रक्त हवे’ हा संदेश त्याचा ठळक नमुना होय. त्यात रुग्णाचे पूर्ण नाव, वय, आजार, रुग्णालय, मजला, वॉर्ड, खाटेचा क्रमांक आणि नातेवाइकाचा मोबाइल क्रमांक असे सगळे एका दमात लिहिलेले असते. सोबत नकाशावरची खूण आणि कधी केसपेपरचे छायाचित्रही असते. सोसायटीच्या गटातून तो शाळेच्या, तेथून गणेशोत्सव मंडळाच्या गटात जातो. तारीख नसल्यामुळे रुग्ण बरा होऊन घरी आल्यावरही, किंवा दगावल्यावरही, तो फिरत राहतो आणि त्या क्रमांकावर फोन येत राहतात. पाठवणाऱ्याचा हेतू निखळ चांगला असतो, म्हणून त्याला कोणी अडवत नाही. बाळंतिणीच्या खोलीतील बाळाचे पहिले छायाचित्र, त्यातील मनगटपट्टीवरचे आईचे नाव आणि मागच्या खाटेवरची अनोळखी बाई यांचेही असेच होते. त्या बाईची परवानगी कोणीच घेतलेली नसते.

छायाचित्राच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने फोटो पाठवला, तर ही माहिती गळून जाते. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, तर टिकते. तपासणीचे कागद स्पष्ट दिसावेत म्हणून लोक नेमका हाच दुसरा मार्ग धरतात.

डॉक्टर व कर्मचाऱ्यांवरील बंधन जुने आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारविनियमांनुसार उपचाराच्या ओघात कळलेली रुग्णाची गुपिते, काही अपवाद सोडता, उघड करता येत नाहीत. ऑनलाइन नकाशावरील तक्रारवजा अभिप्रायाला दवाखान्याने ‘आपण अमुक तारखेला आमच्याकडे आला होता’ असे उत्तर दिले, तर या नियमाच्या गाभ्यालाच धक्का लागतो, कारण ती व्यक्ती रुग्ण होती याची जाहीर कबुली त्यातून दिली जाते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 याहून स्पष्ट आहे: रुग्णाचे छायाचित्र किंवा माहिती त्याच्या संमतीविना प्रसारमाध्यमांना देता येत नाही आणि गोपनीयतेचा हक्क डिजिटल स्वरूपातील माहितीलाही लागू आहे. त्याच वर्षी, 24 ऑगस्ट 2017 रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 मध्ये 250 कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद असली, तरी व्यक्तीने खासगी किंवा घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर आणि तिने स्वतःहून जाहीर केलेली माहिती या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. म्हणजे मामाने कुटुंबाच्या गटावर टाकलेल्या खाटेच्या क्रमांकापर्यंत हा कायदा पोहोचणे कठीण आहे.

स्थान कळवणे थांबवावे, असा याचा अर्थ नव्हे. घोडबंदर रस्त्यावरच्या कोंडीत रुग्णवाहिकेला घर सापडावे म्हणून पाठवलेले लाइव्ह लोकेशन जीव वाचवू शकते, आणि व्हॉट्सॲपवर ते पंधरा मिनिटे, एक तास किंवा आठ तास अशा मुदतीसाठीच देता येते. रक्ताच्या संदेशातही रक्तगट, रक्तपेढीचे नाव, तारीख आणि एका नातेवाइकाचा क्रमांक एवढे पुरते. रक्तदात्याला जायचे असते ते रक्तपेढीत. वॉर्ड आणि खाट त्याला कळण्याचे कारण नसते.